मेपलचा जोडचमचा, मुक्काम सोलापूर

मी एक चमचा बोलतोय. झालं, हसलात! सोलापुरात आल्यापासून हे हसू मी ओळखून आहे. इथं चमचा म्हटलं की लोकांना पुढाऱ्याच्या मागंपुढं करणारा माणूस आठवतो. तसला मी नव्हे, आणि आमटी ढवळणाराही नव्हे. मी वाजवायचा चमचा. एकाच लाकडातून कोरलेले दोन चमचे, पाठीला पाठ, दांड्याशी जोडलेले आणि मधे बोटभर फट. मुठीत धरून मांडीवर आपटलं की कट-कटाक, कट-कटाक असा ठेका देतो. गाणं माझं नव्हे, ठेका तेवढा माझा.

माझा जन्म अमेरिकेतल्या मेन राज्यातला, एका नदीकाठच्या गिरणगावातला. तिथल्या कापडगिरण्यांत फ्रेंच बोलणारी माणसं राबायची. कॅनडातली शेती सोडून पोटासाठी खाली उतरलेली कुटुंबं ती. त्यातल्याच एका विणकरानं सुट्टीच्या दिवशी पायरीवर बसून मला मेपलच्या लाकडातून कोरलं. मेपल म्हणजे तिकडचं चिवट झाड, आपल्या बाभळीच्या तोडीचं. विणकराची मुलगी ओदेत तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं मला हातात घेतलं ते सत्तर वर्षं सोडलं नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात शेजारपाजारची पंधरावीस माणसं दाटीवाटीनं बसायची. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तीच ओळ उचलायची, मग त्यानं पुढची सोडायची, अशी त्यांची फ्रेंच गाणी. पाय जमिनीवर आपटायचे, मी मांडीवर. गाणं संपलं तरी टाळ्या कुणी वाजवत नसे. आपल्याच घरात टाळ्या कोण वाजवणार?

पुढं गिरण्या बंद पडल्या. पोरं इंग्रजी बोलायला लागली आणि लांब लांब निघून गेली. स्वयंपाकघरं रिकामी झाली, तेव्हा कुठं बाहेरच्या जगाला या गाण्यांची आठवण झाली. लोकसंगीताच्या मोठमोठ्या मेळ्यांतून ओदेतला बोलावणी येऊ लागली. गवतावर पांढरे मांडव, घडीच्या खुर्च्या आणि माईक. आधी एक माणूस दहा मिनिटं गाण्याची माहिती सांगायचा, मग ओदेत तीन मिनिटं गायची. ऐकणारे लोक चांगले होते, उगाच कशाला नावं ठेवू? पण ते गप्प बसायचे. डोळे मिटून, देवळात बसल्यासारखे. सुरुवातीला उत्तर द्यायला ओदेतचे दोन भाऊ शेजारी असायचे. एक वारला, दुसऱ्यानं अंथरूण धरलं. मग ती एकटीच ओळ म्हणायची आणि उत्तरही स्वतःच द्यायची. मला लाज वाटायची; तिची नव्हे, समोर बसलेल्या त्या चारशे माणसांची. शेवटी टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. एवढ्या टाळ्यांत इतकं एकटं बसलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

अशाच एका मेळ्यात शेवटच्या रांगेत शिवलीला बसली होती. सोलापूरची. नवरा मल्लेश कंपनीच्या कामासाठी तिकडं गेलेला, त्याच्यामागून ही आलेली. दिवसभर बंद घरात बसून कंटाळते म्हणून त्यानं तिला मेळ्याला आणलं होतं. मांडीवर डबा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ओदेतनं पहिली ओळ म्हटली आणि स्वतःला उत्तर देण्यासाठी श्वास घेतला, तेवढ्यात मागून तीच ओळ खणखणीत आली. शब्द सगळे वाकडेतिकडे, चाल मात्र तंतोतंत. चारशे माना वळल्या. मल्लेशनं तिची बाही ओढली, लोक बघतायत म्हणाला. ती बिचारी शरमेनं लाल झाली. पण नंतर तिनं त्याला काय सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

“बाईनं ओळ सोडली आणि आपण नुसतं बघत बसायचं? आमच्या भजनात असं कुणी केलं तर पुढच्या सोमवारी तिला टाळ देत नाहीत.”

त्या क्षणी मात्र ओदेत खुर्चीतून उठलीच. मला त्या शेवटच्या रांगेकडे रोखून तिनं दुसरी ओळ थेट शिवलीलाकडे फेकली. उत्तर आलं. तिसरी फेकली, उत्तर आलं. बारा वर्षांनी माझा ठेका दोन गळ्यांमध्ये पडत होता. तो दिवस आठवला की आजही माझं लाकूड ऊन होतं.

त्यानंतर पाच उन्हाळे त्या दोघी मेळ्यांतून बरोबर गायल्या. एक पुढं, एक मागं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. बोलायच्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि भांडायच्याही त्यातच. एक गाणं मात्र ओदेत मांडवात कधीच गायली नाही. ते तिच्या आईचं. सगळं आटोपल्यावर मेळ्याच्या भटारखान्यामागं दोघी भांडी विसळत बसायच्या, तेव्हाच ते निघायचं. गिरणीत कामाला आलेली एक पोरगी नदीवर एका पाखराला गाठते आणि घरची खुशाली विचारते. आई कशी आहे, बाप कसा आहे, धाकटी भावंडं, गाय, विहीर, दाराची कडी. असे दहा प्रश्न, म्हणजे दहा ओळी. अकराव्या ओळीत पाखरू उत्तर देतं आणि गाणं संपतं. ते अर्धं सोडायचं नाही, असा ओदेतच्या आईचा दंडक होता. अर्धं सोडलं तर पोरगी नदीवरच उभी राहते, असं ती म्हणायची.

मग इकडं सोलापुरात मल्लेशची आई, गुरम्मा, न्हाणीत घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तीन महिन्यांसाठी म्हणून शिवलीला निघाली. निघायच्या आदल्या दिवशी ओदेतनं मला तिच्या हातात ठेवलं. माझे हात आता थरथरतात, ठेका चुकतो, म्हणाली. आणि म्हणाली, “आईचं गाणं आता तुझ्याकडे आहे.”

शिवलीलानं मान डोलावली. गाणं तिच्याकडे नाही, हे तेव्हा आम्हा तिघांच्याही लक्षात आलं नाही. तिनं ते कधी वहीत लिहिलं नव्हतं, मोबाइलमध्ये भरून घेतलं नव्हतं. पुढं म्हणणारं माणूस असताना मागच्याला वही कशाला लागते?

सोलापुरात पहिल्या सकाळी जाग आली ती शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटानं. क्षणभर वाटलं, मी माझ्या जन्मगावीच आलोय! पण तो आनंद दुपारपर्यंतच टिकला. गुरम्मानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि पापड भाजायचा चिमटा म्हणून गॅसवर धरलं. माझी एक कड काळी पडली आहे ती तेव्हापासून. बाई गं, सत्तर वर्षांत मला उंदरानं तोंड लावलं नव्हतं!  शिवलीलानं मला पुसलं, खोबरेल लावलं आणि वर फळीवर ठेवलं.

तीन महिन्यांची सहा वर्षं झाली. गुरम्मा काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागली, पण तिला एकटं सोडण्यासारखी नाही. मल्लेशचा तिकडं राहायच्या परवान्याचा कागद अडकलाय म्हणे. दर दिवाळीला तो येणार असतो. पूर्वी त्याचा फोन तासभर चालायचा, आता भाजी चिरून होईपर्यंत संपतो. त्यावर शिवलीला काही बोलत नाही, मीही बोलणार नाही. पण दर रविवारी संध्याकाळी साडेसातला ओदेतचा फोन यायचा. तिकडं तेव्हा सकाळ. मला फळीवरून खाली काढायचं, फोन उशीवर टेकवायचा. ओदेत ओळ सोडायची आणि शिवलीला सोलापुरातून ती उचलायची. आधी मेळ्यातली एकदोन गाणी, मग शेवटी आईचं. आठवडाभर शिवलीला त्या एका तासावर जगायची. मीही.

यंदाच्या जानेवारीत एका रविवारी फोन आला, पण आवाज ओदेतचा नव्हता. ओदेत झोपेतच गेली होती.

त्यानंतर मी पाच महिने फळीवर होतो. धूळ बसली, शेजारी हिंगाची डबी आली. जून महिन्यात तो मेळा भरवणाऱ्या बाईंचा फोन आला. यंदा ओदेतच्या नावानं एक तास ठेवलाय, आईचं गाणं तुमच्याजवळ आहे असं तिनं सांगितलं होतं, ते दुसऱ्या कुणालाच येत नाही, सोलापुरातूनच व्हिडिओवर म्हणाल का, असं विचारत होत्या. शिवलीला लगेच हो म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा उजळलेला पाहिला!

दुसऱ्या दिवशी ती मला मांडीवर घेऊन बसली. पहिली ओळ आली. दुसरी चाचपडत आली. दहाचे दहा प्रश्न आले, कारण प्रश्नांचा साचा एकच. आणि पाखराच्या उत्तरापाशी ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबली. शंभर वेळा म्हटलेली ओळ, पण दर वेळी ओदेतच्या मागून म्हटलेली. समोरून आली की उचलायची, एवढीच तिच्या जिभेची सवय. ती ओळ तिच्या तोंडात होती, डोक्यात कधी गेलीच नव्हती. कुणाला कळेल हे? भजनात आयुष्य काढलेल्या बायकांना कळेल.

म्हणून ती मला घेऊन त्यांच्याकडेच गेली. गल्लीतल्या महादेवाच्या देवळात सोमवारी सात-आठ बायका जमतात. माढ्याकडची बजाबाई त्यांत सगळ्यांत वयस्कर. शिवलीलानं सगळी हकिकत सांगितली, परक्या भाषेतलं गाणं आहे, जमेल का म्हणून विचारलं.

“आमाला काय भाषेचं?” बजाबाई म्हणाली. “तू सोड की. तू सोडशील ते आमी उचलतो.”

आणि उचललं हो त्यांनी. टाळ धरले, ढोलकी धरली आणि मेनच्या गिरणीतलं गाणं महादेवासमोर दणदणीत म्हटलं. शब्दांची पार भाकरी-चटणी झाली, पण ओदेतनं ऐकलं असतं तर नाचली असती. एक, दोन, पाच, नऊ, दहा. दहाव्या ओळीचं उत्तर झालं आणि पुढं काही येईना.

अशा वेळी या बायका थांबत नाहीत. पुढचीला ओळ आठवेपर्यंत मागच्यांनी शेवटची ओळ घोळवत ठेवायची, ही त्यांची रीत. तिला उघडं पडू द्यायचं नाही. त्या घोळवत राहिल्या. दाराची कडी कशी आहे, दाराची कडी कशी आहे. टाळ चालू, ढोलकी चालू. शिवलीलानं डोळे घट्ट मिटलेले, मला मांडीवर इतक्या जोरानं आपटत होती की तिची मांडी दुखली असेल. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शेवटी बजाबाईनंच हळूच आरती धरली.

त्यानंतर पाच सोमवार झाले. दर सोमवारी तेच. मल्लेश फोनवर म्हणाला, तिथं ते गाणं कुणाला येतंय, काहीतरी जुळवून म्हणून टाक, कुणाला कळणारसुद्धा नाही. गुरम्माचंही तेच मत. “एक ओळच ना लीला? घाल की तुझ्या मनाची.”

शिवलीला पोळ्या लाटत होती, ती थांबून सासूकडे वळली. “अत्ती, विचारलंय ओदेतच्या आईनं. उत्तर मी कसं देऊ?”

 काल मात्र म्हातारी स्वतः काठी टेकत आली, मला फळीवरून काढलं आणि पदरानं पुसून सुनेच्या हातात दिलं. स्वतः समोर पाटावर बसली. दहाही ओळींना तिनं थरथरत्या आवाजात उत्तर दिलं, आणि मग “मुंद?” म्हणून कानडीत विचारलं. म्हणजे, पुढं? शिवलीलानं नाही म्हणून मान हलवली आणि ती रडली. सासूसमोर ती पहिल्यांदाच रडली.

आता येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला तिकडून फोन लागेल. आईच्या ओळीच्या जागी आपली ओळ घालायची नाही, असं तिनं ठरवलंय. दहा ओळी म्हणेन आणि क्षमा मागेन, म्हणते. गाणं अर्धं राहील. पोरगी नदीवर उभी राहील, आणि खरं सांगू, तशीच एक पोरगी इथं स्वयंपाकघरात उभी आहे.

आणि मला ती ओळ येते हो! पाऊणशे वर्षं ऐकलीय, ओदेतच्या आईच्या तोंडून, मग ओदेतच्या. जगात आता ती येणारा मी एकटा. पण मला तोंड नाही. ती मला मांडीवर आपटते तेव्हा मी जीव तोडून तीच ओळ सांगत असतो, आणि तिला ऐकू येतं कट-कटाक, कट-कटाक. लाकडाचा जन्म वाईट.

तुम्ही मात्र माझं एवढं ऐकून घेतलंत, म्हणजे तुम्हाला माझी भाषा कळते. मग एक काम करा. शनिवारच्या आत सोलापुरात त्या गल्लीत जा. महादेवाच्या देवळापाशी बजाबाईला विचारलंत तर ती घर दाखवेल. शिवलीलाला हाक मारा आणि सांगा, पाखरू म्हणालं: पोरी, घरी रोज जेवायला बसताना ते तुझ्या वाटचा पाव अजून फडक्यात बांधून बाजूला ठेवतात.