सतरावा हंस

आवारात देवळं नऊ, आणि मोठ्या देवळाच्या जोत्यावर हंसांची रांग. हजार वर्षांपूर्वीची. मागच्या डागडुजीत काही फुटके हंस काढून नवे कोरून बसवले होते; आता तेही काढायचं ठरलं. पुरातत्त्व खात्याच्या बाईंचा नियम साधा होता. मागाहून बसवलेला दगड कोरा, बिननक्षीचा हवा, म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक होत नाही. नवे हंस ओळखून खडूने फुल्या मारायचं काम मिस्त्रीकडे आलं, कारण दगडाची अशी नजर दुसऱ्या कुणाला नव्हती.

त्याने तीन फुल्या मारल्या. ते तीन हंस म्हणजे सरळसरळ बदकं होती, एखाद्या पर्यटकानेही ओळखली असती. सतराव्यापाशी मात्र तो फुली न मारता पुढे सरकला. सतरावा मागच्या डागडुजीत त्याच्या वडिलांनी कोरलेला. म्हाताऱ्याने एकदा सगळ्या घराला इथे आणून, माझा कुठला ते ओळखा, असं आव्हान दिलं होतं. कुणालाच जमलं नव्हतं, शेवटी त्यानेच सतराव्यावर हात ठेवला होता. म्हातारा जाऊन वीस वर्षं झाली, घरात त्याचा धड फोटोही नव्हता. होता तो एवढा हंस.

दुपारी बाई जुनी नोंद घेऊन आल्या. बदललेले दगड चार, फुल्या तीन. त्यांनी रांग निरखली आणि अठराव्यावर बोट ठेवलं. फारच गुळगुळीत आहे, चौथा हाच, म्हणाल्या. अठरावा अस्सल होता, पन्हळीचं पाणी अंगावर घेऊन झिजलेला. बाईंनी खडू पुढे केला. मिस्त्रीने तो घेतला नाही.

"तो जुना आहे, मॅडम," शेवटी तो म्हणाला. "हा सतरावा काढा. माझ्या बापाचा आहे."

बाईंनी वाकून सतरावा निरखला. मग दुसऱ्या कुणाला काढायला सांगू का, म्हणून विचारलं. मिस्त्री नको म्हणाला. बापाच्या कामाला परका हात लागलेला त्याला चालणार नव्हता.

सांधे मोकळे करण्यात दीड दिवस गेला. म्हाताऱ्याने बसवलाच होता तसा घट्ट. दगड उलटा केला तर पाठीवर, भिंतीकडच्या बाजूला, साल कोरलेलं होतं आणि त्याखाली ठळक 'नवा'.

मिस्त्रीने अक्षरांवरची धूळ पुसली. इतकी वर्षं तो बापाची लबाडी सांभाळत होता, आणि बापाने लबाडी केलीच नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

कोरा दगड त्याने दोन दिवसांत घडवला. बसवण्याआधी पाठ वर करून साल कोरलं, आणि खाली म्हाताऱ्याच्याच वळणाने 'नवा'.