मोकळा रस्ता

आमच्या सायकलींच्या दुकानात भिंतीवर टांगलेली चाकं कोणी हात न लावता फिरतात. जास्त नाही, बोटभर. खाणीत सुरुंग उडाला की जमीन हलते, चाकांचे आरे किणकिणतात. मग थोड्या वेळाने दुसरा सुरुंग. नेहमी दोनच. खाण कित्येक वर्षं बंद होती, यंदा पुन्हा सुरू झाली. बाजाराच्या जुन्या दगडी कमानींना बारीक तडे गेलेत. लोक मान वर करून बघतात आणि पुन्हा भाजी निवडायला लागतात.

आमचं गाव बाजाराचं. पूर्वी धान्य आणि जनावरं घेऊन लांबलांबून लोक यायचे, आता सायकलवाले येतात. कारण गावाभोवतीचे जुने रस्ते सगळे खडीचे आणि सगळे मोकळे. म्हणजे गाडी नाही, ट्रक नाही, हॉर्न नाही. बाबांनी प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी दगडी खुंट पुरून घेतलेत, सायकल जाते आणि मोटार अडकते. एक रस्ता कालव्याकाठचा, एक फळबागांमधला, आणि एक खाणीखालून जाणारा. या तिसऱ्यावरून पूर्वी दगडाच्या ट्रॉल्या रुळांवरून बाजारात यायच्या. रूळ गेले, खडी राहिली. तिन्ही रस्त्यांवरच्या पाट्या मी रंगवल्यात. यंदा शाळेत माइकवर बोलले तेव्हापासून माझी भीड चेपलीये. बाबांच्या मते चेपली नाही, गाव सोडून पळून गेलीये.

"मॅनेजरबाई," ते मला म्हणतात, "तेवढा पंप द्या, आणि जमलं तर थोडा वेळ तोंड मिटा."

त्या दिवशी आत्या आली ती हेल्मेट घालूनच. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, शिवणकाम करते, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली. शिकवली कोणी? मी! पहिले दोन महिने मी मागून सीट धरून पळायचे आणि ती "सोडू नकोस गं भवाने" असं ओरडायची.

"आज मी एकटी जाणार," ती म्हणाली. "खाणीखालून. मागे कोणी यायचं नाही."

"आत्या, खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही हं. हँडल सैल धर. आणि घाबरलीस की..."

"घाबरू कशाला? वीस वर्षं शिवणयंत्र पायाने चालवलंय. ते तर जागचं हलतसुद्धा नव्हतं, तरी मी चालवलंच ना?" फोन तिने काउंटरवर ठेवला. "पडलेच तर मी फुटेन, हा तरी नको फुटायला."

ती कमानीखालून वाकडीतिकडी गेली. भाजीवाल्यांनी टोपल्या मागे ओढल्या. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

आत्या जाऊन बराच वेळ झाला, तेव्हा दुकानातला फोन वाजला. माझे हात ग्रीसने काळे होते म्हणून बाबांनी घेतला.

"हो, हो, खालचा ना? मोकळा आहे की! अगदी मोकळा. छे हो, आज काय, कधीच काही नसतं तिथे. बिनधास्त."

फोन ठेवून ते टायर बसवायला लागले.

"कोण होतं?"

"खाणीतले नवे साहेब. विचारत होते, खालचा रस्ता मोकळा आहे का. त्यांनाही सायकलचं वेड लागलेलं दिसतंय."

मीही हसणार होते. पण पाटी आठवली. खाणीची पाटी मीच रंगवली होती. जुन्या मुकादमांनी मजकूर दिला होता आणि मी मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'भोंगा वाजताच रस्ता मोकळा करावा.' ते मुकादम सुरुंगाआधी एक माणूस झेंडा घेऊन खालच्या रस्त्यावर पाठवायचे. तो टोकापासून टोकापर्यंत चालायचा आणि वर हाक द्यायचा, 'मोकळा!' गेल्या महिन्यात मुकादम काम सोडून गेले, आणि आता झेंडेवाल्याऐवजी हा फोन आला होता.

"बाबा," मी म्हटलं, "ते गाड्यांचं विचारत नव्हते. ते माणसांचं विचारत होते."

बाबांच्या हातातून टायर सुटला आणि गडगडत रस्त्यावर गेला. त्यांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच असणार. सुरुंगाच्या तारा जोडल्या की खाणीत सगळे फोन बंद करतात, हेही मला मुकादमांनीच सांगितलं होतं.

बाबा टेम्पोच्या किल्लीसाठी खिसे चाचपायला लागले.

"खुंट आहेत ना तिथे!" मी ओरडले.

त्यांचा हात खिशातच राहिला. ते खुंट स्वतः उभं राहून पुरून घेतलेले बाबा. तो चेहरा मला बघवला नाही.

"तुम्ही वरच्या रस्त्याने खाणीच्या फाटकावर जा. मी आत जाते."

"तू नाही..."

पण मी दुकानातली सगळ्यात हलकी सायकल घेऊन निघाले होते.

खुंट ओलांडले आणि आवाज संपला. हेच तर आम्ही गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतो, की आत शिरलं की फक्त खडीची करकर ऐकू येते. तेव्हाही तेवढीच येत होती. झाडांत पाखरू नव्हतं. रस्त्यावर एकाच सायकलची ताजी नक्षी, डावीउजवीकडे झुलत गेलेली. आत्याचीच. मी त्या नक्षीवरून वेड्यासारखी पायडल मारत होते. एका वळणावर मागचं चाक घसरलं, गुडघा सोलला, कशीबशी सावरले.

पुढे रस्ता खिंडीत शिरतो. एका बाजूला खाणीचा कडा, त्याच्या पायथ्याशी दाट झुडपं. वरून बघणाऱ्याला खिंडीतलं माणूस दिसत नाही. आणि तिथेच आत्या बसली होती, सायकल आडवी, चेन हातात, बोटं काळी.

"आलीसच का शेवटी!" ती म्हणाली. "मागे यायचं नाही म्हटलं होतं ना? माझी मी लावतेय चेन."

"आत्या, ऊठ!"

"अगं, पण आता बसतच आली होती..."

तेवढ्यात भोंगा वाजला. दुकानातून ऐकलं तर तो आवाज गायीच्या हंबरण्यासारखा येतो. खिंडीत तो दातांत शिरला.

परत फिरायला वेळ नव्हता. रस्त्याखालून पाणी जायला दगडी मोरी आहे. मी आत्याची ओढणी धरून तिला उतारावरून खाली ओढलं, अक्षरशः फरफटत, आणि दोघी मोरीत घुसलो. आत चिखल होता.  आत्याने माझं डोकं आपल्या पोटाशी दाबलं, इतकं की हेल्मेटचा पट्टा माझ्या कानात रुतला.

मग जमिनीने आम्हाला खालून ढकललं. आवाज नंतर आला. मग दगड पडायला लागले, आधी मोठे, मग बारीक, आणि मग नुसती माती. खूप वेळ माती.

"संपलं?" आत्याने विचारलं. तिचे ओठ हलले म्हणून मला कळलं. कानात नुसती शिट्टी वाजत होती.

मी नाही म्हणून मान हलवली. दुसरा बाकी होता. दुसरा खालच्या थरात लावतात, म्हणजे याच बाजूला. मोरीच्या तोंडाशी कमानीतला एक दगड निसटून लोंबकळत होता. मोरी दुसरा धक्का सोसेल असं मला वाटलं नाही.

मी आत्याचा हात सोडवला आणि बाहेर आले. तिने माझा पाय पकडला, मी तो झटकून सोडवला. रस्ता ओळखू येत नव्हता. आत्याची सायकल एका शिळेखाली होती, हँडल तेवढं बाहेर. झुडपं मोडून आडवी पडली होती, त्यामुळे धूळ जरा विरळ झाल्यावर कड्याची धार दिसली आणि धारेवर एक माणूस दिसला, बोटाएवढा.

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. दोन्ही हात वर केले. ओरडले, पण मलाच ऐकू आलं नाही. भोंगा पुन्हा सुरू झाला. तो मात्र पायांतून कळला, खडी थरथरली.

माणूस वाकला. मग सरळ झाला. मग मागे वळून हातवारे करायला लागला आणि खडीतली थरथर अर्ध्यातच थांबली.

धारेवर आता बरीच माणसं जमली. त्यांत पांढऱ्या शर्टातले बाबा होते. त्यांना दोघांनी दंडाला धरलं होतं. सगळे मला हाताने खुणा करत होते, बाजूला हो, निघ, निघ तिथून.

मी हलले नाही. त्या माणसांचा काय भरवसा? मी बाजूला झाले आणि त्यांना पुन्हा कोणीच दिसलं नाही तर?

मोरीतून आत्या रांगत आली. ओढणी फाटलेली, तोंड मातीने माखलेलं. ती मला खेचून नेईल असं वाटलं. तिने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.  तिने हात वर केले नाहीत, नुसता माझा खांदा घट्ट धरला.

वरचे लोक खुणा करत राहिले. आम्ही दोघी तिथेच.