मुदत संपलेल्या टोकनाची शरम

मित्रांनो, मी एक जुने टोकन आहे. जुने म्हणजे किती, हे सांगायचीही लाज वाटते. तुमची मधली सुट्टी जेवढी असते, साधारण तेवढेच माझे आयुष्य. ते कधीच संपले. आता मी ब्राउझरच्या एका कोपऱ्यात पडून आहे. तोंड लपवायला ही जागा बरी आहे.

बँकेत मिळणारे पितळी टोकन तुम्ही पाहिले असेल. मी तसे नाही. मी म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. एका दवाखान्यातल्या संगणकावर तिथे उपचार करणाऱ्या बाईंनी आपले नाव आणि पासवर्ड भरला, तेव्हा सगळी माहिती सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, मला घडवले. 'ही व्यक्ती ओळखीची आहे, आत सोडा,' एवढे सांगणे हेच माझे काम. चोराच्या हाती लागले तरी फार काळ उपयोगी पडू नये, म्हणून माझी मुदत मुद्दाम थोडी ठेवतात आणि ती माझ्या पोटातच लिहून देतात. माझ्याबरोबर माझी थोरली बहीणही जन्मली, रिफ्रेश टोकन. तिची मुदत मोठी. माझी वेळ भरत आली की तिला पुढे करून नवे टोकन मागून घ्यायचे, अशी रीत आहे. काम करणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलते करणे हे बाईंचे काम. त्या दिवशी त्यांच्यासमोर कंडक्टर काका बसले होते. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती. चित्र दाखवले की मोठ्या कष्टाने एखादा शब्द निघे, आपणहून एकही नाही. त्या दिवशीची नोंद वाचून मोठे डॉक्टर ठरवणार होते, की उपचार पुढे चालवायचे की थांबवायचे. हे कळल्यापासून शेजारी बसलेल्या काकू हातातल्या पिशवीचे बंद पिळत होत्या.

सुरुवातीला माझा काय थाट होता! बाईंनी काकांची जुनी माहिती मागितली, मी सर्व्हरच्या दाराशी गेले, दार उघडले. चित्रे मागितली, पुन्हा उघडले. माझ्यावाचून सगळ्यांचे अडते, असे वाटून मी चांगलीच शेफारले होते.

मग बाईंनी बसचे चित्र दाखवले. "काका, तुमच्या गाडीचे थांबे सांगता?"

काकांनी डोळे मिटले. "डे...पो." बऱ्याच वेळाने, "शा...ळा." मग पाण्याची टाकी आली. मग मोठा पूल. बाई एकेक अक्षर टिपत होत्या. कुठे जीभ अडली, कोणते अक्षर निसटले, कुठे काकांनी स्वतःच दुरुस्त केले, सगळे. त्यांनी घाई केली नाही, मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी काका म्हणाले, "बा...जार," आणि काकूंना रडू आवरले नाही.

तोवर माझी मुदत संपून गेली होती. ज्या प्रोग्रामच्या खिशात मी होते, त्याने माझ्या पोटातली वेळ वाचली नाही की थोरलीला हाक मारली नाही. बाईंनी 'जतन करा' दाबले आणि त्याने मला तसेच दाराशी नेऊन उभे केले. "मुदत संपली आहे," दार म्हणाले. दाराचे काही चुकले नाही. पण प्रोग्राम गांगरला. त्याने बाईंना सरळ लॉगिनच्या पानावर फेकले आणि त्यांनी लिहिलेले सगळे पुसून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाई ताडकन उठल्या. त्यांनी प्रोग्रामरला फोन लावला.

"टोकन एक्स्पायर झालं असेल, मॅडम. असू दे, परत लॉगिन करा, की झालं!"

"लॉगिन होईल हो. पण बाजारापर्यंत पोचलेले काका परत कुठून आणू?"

बाईंनी फोन ठेवला, उभ्या उभ्याच पासवर्ड भरला आणि मान खाली घालून म्हणाल्या, "काका, माझ्याच हातून गेलं सगळं. अजून एकदा सांगाल?" दोष माझा, आणि शरमल्या त्या. ते मला पाहवले नाही.

काकांनी पुन्हा सुरुवात केली. पण गाडी पाण्याच्या टाकीशीच बंद पडली.

"राहू द्या हो बाई," काकू म्हणाल्या, "दमलेत ते. आता नाही निघायचं."

बाई स्क्रीनजवळ तशाच उभ्या होत्या. डोळे भरून आले होते. काकांनी आपला धड हात जरासा उचलला.

"अ...सू दे," ते म्हणाले. "ब...सा."

समोर कोणतेही चित्र नव्हते. कुणी काही विचारले नव्हते.

काकू आधी हसल्या आणि मग रडल्या. "अहो, हे तर यांचं गाडीतलं! कुणाचा पास संपलेला निघाला की हेच म्हणायचे, 'असू दे, बसा.' मी घरी ओरडायचे, लोकांना डोक्यावर बसवून ठेवलंय म्हणून!"

बाई बसल्या. त्यांनी लिहिले, 'आपणहून, न विचारता, प्रसंगाला धरून बोलले.' या वेळी नवे टोकन गेले आणि दार उघडले. मोठ्या डॉक्टरांनी उपचार पुढे चालू ठेवले.

टोकन संपले म्हणून तर काका बोलले, असे कृपा करून कुणी म्हणू नका. त्यांनी घाम गाळून मिळवलेले थांबे मी हरवले, ते हरवलेच. तो संपलेला पास मीच होते, हे काकांना ठाऊकही नव्हते.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी संगणकावरची अशी पाने बांधेल. त्याने आमच्या पोटातली वेळ आधीच वाचावी आणि थोरलीला वेळेवर हाक मारावी. तरीही दार बंद मिळाले, तर आधी माणसाने लिहिलेले जपून ठेवावे, नवे टोकन घ्यावे आणि पुन्हा एकदा दार ठोठावावे. थोरलीलाही नकार मिळाला, तरच लॉगिनचे पान दाखवावे. आणि माझ्यासारख्या संपलेल्याला पुसून टाकावे, दया करू नये.

त्या दिवशी 'असू दे' दोघे जण म्हणाले होते. काकांचे नुकसान झाले होते, म्हणून त्यांनी ते म्हणणे शोभले. ज्याच्या हातून चूक झाली, त्याने मात्र ते कधी म्हणू नये.