शुक्रवार, दहा वाजता, कँटीन

“ऑकलंड. परत ऑकलंडच,” अ‍ॅलिस्टर पडद्याकडे बघून पुटपुटला. “या देशात दुसरं कुणी राहतच नाही जणू.”

मी त्याच्या कोपराला कोपर लावून बसले होते. जिन्याखालच्या त्या खोलीत दुसरी खुर्ची तशीच मावते. पडद्यावर, संगणकात बसवत असलेलं लिनक्स विचारत होतं, घड्याळ कुठलं लावू? पर्याय दोनच, ऑकलंड नाहीतर चॅटम बेटं. आमच्या ब्लफ गावाचं नाव कोण घालणार त्यात? इथून दक्षिणेला एक बेट आणि मग नुसतं पाणी.

“चॅटम लाव,” मी म्हटलं. “पाऊण तास पुढे असतं. घरी लवकर जाऊ.”

“तू जाशील गं पोरी. मला कोण सोडतंय इथून?”

मी हसले. जरा उशिराच हसले.

मी त्रेपन्न वर्षांची आहे, पण अ‍ॅलिस्टरला मी पोरीच. बारा वर्षांपूर्वी याच कारखान्यात मी कॉड माशाचे काप काढायची. मग मनगटं गेली, म्हणून मला वजनाच्या लेबलांवर बसवलं. लेबलं छापणारं यंत्र सारखं अडायचं, आणि कारखान्यातली अशी यंत्रं आणि संगणक सांभाळायचा अ‍ॅलिस्टर. एकदा मी ते केसांच्या पिनेने आणि थोड्या शिव्या घालून चालू केलं. अ‍ॅलिस्टर उशिरा पोचला, यंत्र बघितलं, मला बघितलं आणि म्हणाला, “पिन कुठे घातलीस ते दाखव.” शाळेला मी पंधराव्या वर्षीच रामराम ठोकलेला. त्यानंतर जे शिकले ते जेवणाच्या सुट्टीत, या खोलीत, त्याच्या डब्यातलं अर्धं सँडविच खात.

त्याने मला शिकवलेली पहिली गोष्ट लिनक्सची नव्हतीच. एंटर दाबण्याआधी थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं, “काय राहिलं?” शेजारी कुणी असेल तर त्याने उत्तर द्यायचं. नसेल तर भिंतीला विचारायचं.

“राहिलं असेल तर आत्ता बोल,” तो म्हणायचा, “नंतर यंत्र ऐकत नाही.”

“काय राहिलं?” त्याने आताही विचारलं.

“काही नाही.”

त्याने ऑकलंड दाबलं.

गेल्या हिवाळ्यात आमचा कारखाना उत्तरेकडच्या एका कंपनीने घेतला. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट वर जाते, मासेही आणि निर्णयही. आता टपाल, कॅलेंडर आणि वजनांच्या याद्या जायच्या होत्या. त्यांच्या मोठ्या यंत्रात आम्हाला एक आभासी यंत्र दिलं होतं, त्यात लिनक्स बसवून जुन्या पेटीतलं, म्हणजे आमच्या जुन्या सर्व्हरमधलं, सगळं तिकडे हलवायचं. आभासी म्हणजे काय, असं दारापाशी फोन घेणाऱ्या नायरीने विचारलं तेव्हा अ‍ॅलिस्टर म्हणाला होता, “हॉटेलातली खोली. दार आहे, खिडकी आहे, पलंग आहे. इमारत आपली नाही, आणि सामान कधी बाहेर काढतील ते आपल्या हातात नाही.”

जुनी पेटी आमच्या पायाशी घरघरत होती. एकोणीस वर्षांपूर्वी अ‍ॅलिस्टरने तिचं नाव ग्रोपर ठेवलं होतं, तळाशी बसून राहणाऱ्या माशाचं. नव्या यंत्राचं नाव वरून लिहूनच आलेलं, अक्षरं आणि आकडे मिळून अकरा. त्याने ते एकेक करून टाइप केलं.

“कैद्यालासुद्धा आधी एक नाव असतं,” तो म्हणाला. “लिही वहीत. नाव दिलं, मनाविरुद्ध.”

“मनाविरुद्ध पण लिहू?”

“अधोरेखित कर.”

मी लिहिलं. ती वही, पायरी न पायरी टिपून घ्यायला, मला ब्रेंटने दिली होती. ब्रेंट आमच्या कारखान्याचा व्यवस्थापक. पंधरा दिवसांपूर्वी त्याने मला बोलावलं आणि दार लावलं. ब्रेंट दार लावतो तेव्हा एकतर कुणाचं बोट कापलेलं असतं, नाहीतर नोकरी. अ‍ॅलिस्टरचा करार दर वर्षी जूनअखेर नवा होतो. यंदा होणार नव्हता. शुक्रवारी जुनी पेटी बंद, त्याच दिवशी तोही बंद. नव्या यंत्राकडे इथून बघायला एक माणूस पुरे, तेही अर्धा दिवस.

“म्हणजे तू,” ब्रेंट म्हणाला. “त्याला मी सांगतो. योग्य वेळ बघून. तोवर तू काही बोलू नकोस, रेविन. त्याच्याच भल्यासाठी.”

मी हो म्हटलं. मनगटं गेलेल्या बाईला ब्लफमध्ये दुसरं काय काम मिळतं, हे मी स्वतःला दहा वेळा सांगितलं होतं, आणि दहाही वेळा ते खरंच होतं. अ‍ॅलिस्टरला वाटत होतं मी शिकतेय. मी शिकतच होते. त्यात खोटं काही नव्हतं, तेच जास्त लागत होतं.

ब्रेंटची योग्य वेळ काही उगवली नाही. सोमवारी कालवांच्या बोटी आल्या. मंगळवारी त्याला सर्दी झाली. आज बुधवार होता.

पडद्यावरची पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. लिनक्स बसलं. मग जुन्या पेटीतून टपाल गेलं, याद्या गेल्या, आणि शेवटी कॅलेंडर. आमच्याकडे कँटीन हवं असेल, गाडी हवी असेल, तर सगळे कॅलेंडरात नोंद करतात. नायरी, जी सगळ्यांचे वाढदिवसही सांभाळते, ती तर शिंकायच्या आधीसुद्धा नोंद करत असेल.

“आता जुळवून बघू,” अ‍ॅलिस्टर म्हणाला. “एक नोंद इकडची, तीच तिकडची. शुक्रवारची घेऊ, शेवटचा दिवस आहे पेटीचा.”

“सोमवारची घे ना,” मी म्हटलं.

“का गं?”

“काही नाही. सोमवारी गर्दी जास्त असते. चाचणी चांगली होईल.”

तो माझ्याकडे बघून हसला. “एक नोंद असो नाहीतर शंभर, फाईल ती फाईलच.”

कॅलेंडर म्हणजे शेवटी साध्या मजकुराच्या फायली. नायरीने शुक्रवारच्या तिच्या नोंदीवर ‘खाजगी’ अशी खूण केली होती आणि निर्धास्त झाली होती. खूण केली की ऑफिसात कुणाला दिसत नाही, हे खरं. पण ती खूणही त्याच फाईलमधली एक ओळ असते, आणि फायली वाहून नेणाऱ्याला ती मजकुरासकट दिसते. ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच पेटीत लपवलं होतं. एकोणीस वर्षं काही बंद पडलं नाही, त्यामुळे पेटीमागे माणूस बसतो हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. माझ्याही नाही. मला त्या नोंदीची धाकधूक होती, पण ती अशी उघडी वाचता येईल हे मी, त्याचीच शिष्या, विसरले होते.

डावीकडे जुनी पेटी, उजवीकडे नवी. दोन्हीकडे तेच. शुक्रवार, दहा वाजता, कँटीन. अ‍ॅलिस्टरचा निरोपाचा चहा. चीज रोल सहा डझन. कार्डाचं पाकीट नायरीकडे, त्याला दिसू देऊ नका. खाली, कुणाकुणाला बोलावलं त्यांची नावं. माझं तिसरं.

अ‍ॅलिस्टरने डावीकडचं वाचलं. मग उजवीकडचं वाचलं. बोट ठेवून, ओळ न ओळ, जसं तो नेहमी वाचतो.

“जुळलं,” तो म्हणाला. “लिही.”

मी लिहिलं. कॅलेंडर जुळलं. पेन चालत होतं याचंच मला नवल वाटलं.

“सहा डझन कमी पडतील,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “सकाळची पाळी येईल सगळी. ती पोरं चार-चार खातात.”

तेवढ्यात दारात ब्रेंट आला, हातात रुमाल घेऊन. “काय मग, जादूगार? कुठवर आलं?”

“सगळं वर गेलं,” अ‍ॅलिस्टर म्हणाला. “ब्रेंट, शुक्रवारी दहाला कँटीन कुणी घेतलंय का रे?”

ब्रेंटने रुमाल नाकाला लावला. चांगला बराच वेळ लावून ठेवला. “शुक्रवारी? हां, ते… सुरक्षेची बैठक आहे. आगीची वगैरे.”

“मी यायचं का?”

“ये की. म्हणजे, जमलं तर. ये.” आणि तो निघून गेला. जिन्यावर त्याचे बूट भराभर वाजत वर गेले.

अ‍ॅलिस्टर हसला नाही, चिडलाही नाही. त्याने हीटर पायानेच जरा माझ्याकडे सरकवला. मग नव्या यंत्रात माझ्या नावाचं खातं काढलं आणि सगळे अधिकार त्यात घातले. परवलीचा शब्द मी घालताना त्याने मान फिरवून भिंतीकडे बघितलं, जसं सभ्य माणसं बघतात. मग मला माझ्या नावाने आत शिरायला लावलं, आणि माझ्या खांद्यावरून हात पुढे करून एक ओळ टाइप केली. त्याचं स्वतःचं खातं पुसून टाकण्याची आज्ञा. एंटर तेवढं बाकी.

“हे कशाला?” मी म्हटलं. “राहू दे ना. कधी लागलं तर?”

“जाणाऱ्याची किल्ली ठेवून घेऊ नये. मीच शिकवलंय तुला. दाब.”

“अ‍ॅलिस्टर…”

“दाब गं.”

माझं बोट एंटरच्या कळीवर होतं. बाहेर फोन वाजला, नायरीने गोड आवाजात घेतला. कार्डाचं पाकीट तिच्या खणात होतं. त्यात माझी सही होती, खाली ‘आठवण येईल’ लिहून मी एक हसरा चेहराही काढला होता. काढताना चांगला गोल आला म्हणून मला बरं वाटलं होतं.

“थांब,” तो म्हणाला. “असं नाही दाबायचं. आधी काय विचारायचं?”

मी पडद्यावरच्या आज्ञेतलं त्याचं नाव वाचत राहिले.

“विसरलीस? मग मी विचारतो.” त्याने चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसायला लागला. त्याचे डोळे चष्म्याविना किती लहान आहेत, हे बारा वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. “वहीत सगळं लिहिलंस. घड्याळ लिहिलंस, नाव लिहिलंस, जुळलं ते लिहिलंस. काय राहिलं, रेविन?”

पोरी म्हणाला नाही.

मी कळीवरून बोट उचललं.

“तुला काढलंय,” मी म्हटलं. “शुक्रवारपासून. आणि तुझी जागा मी घेतलीये. पंधरा दिवस झाले, मी हो म्हणून बसलेय.”