पोट सुटलेला पहारेकरी

मी एक जुना, पोट सुटलेला आरसा आहे. हसू नका मित्रांनो, पोट सुटणं हाच माझा धंदा आहे. घरातल्या सपाट आरशाला समोरचा तेवढा एक माणूस दिसतो. मला वळणाच्या अलीकडचा दिसतो, पलीकडचा दिसतो आणि त्याच्यामागून शेपूट हलवत येणारं कुत्रंही दिसतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकचा जाड तुकडा तापवून त्यात हवा भरली आणि माझं पोट फुगलं. पाठीला चकचकीत लेप बसला, कडेला लाल रंग लागला आणि एका गल्लीच्या वळणावर मला खांबावर चढवण्यात आलं. तिथे एक उंच भिंत आहे. तिच्यामुळे इकडून येणाऱ्याला तिकडचा दिसत नसे. मी आलो आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांची तोंडं दिसू लागली.

तेव्हा माझं कौतुक काय विचारता! वळणावर शिवणाचं दुकान असलेल्या मावशी काठीला चिंधी बांधून मला पुसत. टेम्पोवाले माझ्याकडे बघून वेग कमी करत. काही शहाणे मात्र भर रस्त्यात उभे राहून माझ्यात भांग पाडत. त्यांची नाकं मी मनापासून मोठी करून दाखवत असे.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे चिमणी. ती सायकलवरून शाळेत जाते. वळण आलं की एक पाय जमिनीला टेकवते, माझ्यात बघते, रस्ता मोकळा दिसला की मला जीभ काढून दाखवते आणि मग पॅडल मारते.

चिमणीच्या आजोबांना सगळी गल्ली आलोचकाका म्हणते. दारासमोर स्कूटर लावायची, किल्ली तिलाच ठेवायची आणि "आलोच" म्हणून आत जायचं, ही त्यांची सवय. आत चहा होतो, पेपर होतो, शेजाऱ्याशी एखादा वादही होतो. स्कूटर बिचारी किल्लीसकट बाहेर वाट बघत असते.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी स्कूटर गेली. पेट्रोल संपलं म्हणून चोराने ती बाजारामागे सोडून दिली, त्यामुळे संध्याकाळी सापडली, पण काकांची झोप उडाली.

"किल्ली कुठे होती?" मावशींनी विचारलं.

"किल्लीचं सोडा हो. गाड्यांवर कुणाची नजर नव्हती, म्हणून चोराचं फावलं."

बैल गेला आणि झोपा केला, तशी गल्लीची सभा भरली. कुणाला तरी माझी आठवण झाली. हा आरसा नुसता लटकलेला असतो, त्याला गाड्यांकडे फिरवला तर काकांना गॅलरीत बसल्या बसल्या सगळ्यांच्या स्कूटरी दिसतील. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"अहो, पण मग वळणाचं काय?" मावशी म्हणाल्या.

"वळणावर काय चोरायला ठेवलंय?" काका म्हणाले. सभा खो-खो हसली. मग काका गॅलरीत जाऊन हाताने दिशा दाखवत राहिले, खाली एकाने माझा नट ढिला केला आणि मला फिरवून पक्कं केलं.

मी पहारेकरी झालो. समोर उभ्या स्कूटरी आणि पाठीमागे माझं वळण. तिकडचं ऐकू सगळं येई, दाखवता काहीच येत नसे. सुट्टी असल्यामुळे चिमणी मामाकडे गेली होती. मला फिरवलंय हे तिला कुणी सांगितलंच नाही. शाळा सुरू व्हायचे दिवस जवळ आले तशी माझी घालमेल वाढू लागली. एवढी मोठी ढेरी असून मी तिला एक साधी गोष्ट सांगू शकत नव्हतो.

शाळेच्या पहिल्या दिवशी चिमणी आली. पाय टेकवला आणि माझ्यात पाहिलं. आत स्कूटरी शांत उभ्या होत्या, हलत काहीच नव्हतं. रस्ता मोकळा आहे असं समजून तिने मला जीभ दाखवली आणि पॅडल मारलं. पलीकडून सिलिंडरचा टेम्पो येत होता.

"चिमणे, थांब!" मावशी दुकानातून ओरडल्या. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला. चिमणीने हँडल वळवलं आणि सायकलसकट ती मावशींच्या दारातल्या उशांच्या ढिगात शिरली. एक गुडघा खरचटला, एवढ्यावर निभावलं. माझा जीव भांड्यात पडला.

काका नुकतेच स्कूटरवर बसले होते. ती तशीच सोडून ते धावत आले. चिमणी रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"आजोबा, आरशात गाडी नव्हती. तो खोटं का बोलला?"

काका तिच्याशेजारी उशांवर बसले. "तो खोटं नाही गं बोलला. मीच त्याला भलतीकडे बघायला लावलं होतं."

तेवढ्यात मावशी काकांच्या स्कूटरची किल्ली नाचवत आल्या. "आणि ही आजही स्कूटरलाच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा." त्यावर आधी टेम्पोवाला हसला, मग चिमणी हसली आणि शेवटी काकांनाही राहवलं नाही.

लगेच स्टूल आलं. या वेळी काका स्वतः वर चढले आणि गॅलरीत कुणीच उभं राहिलं नाही. चिमणी सायकलवर बसून, एक पाय टेकवून हुकूम सोडत होती, "अजून इकडे, थोडा खाली. आता टेम्पोकाका दिसले." तिच्या डोळ्यांना जिथून रस्ता दिसला, तिथेच माझा नट आवळला. मावशींनी काकांच्या किल्लीला गळ्यात घालायची लांब पिवळी नाडी शिवून दिली. ती स्कूटरवर लोंबकळताना दिसली की अख्खी गल्ली एका सुरात "आलोच" म्हणते आणि काका निमूटपणे परत फिरतात. त्यानंतर तिथून एकही स्कूटर चोरीला गेलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या गाड्यांना कुलूप लावा, किल्ली जवळ ठेवा आणि चोरांची काळजी तेवढ्यावर सोपवा. माझ्यावरची धूळ मात्र पुसत जा आणि वळणावर एक पाय टेकवून माझ्यात बघत जा. माझी लाल कड आता फिकट गुलाबी झाली आहे, पण पोट अजून शाबूत आहे. रोज सकाळी चिमणी थांबते, दोन्हीकडे बघते आणि मला जीभ काढून दाखवते. मीही तिला जीभ काढून दाखवतो. तिच्यापेक्षा माझी थोडी मोठीच दिसते.