वर येणारी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. जुनी म्हणा, भंगार म्हणू नका. अर्ध्या गल्लीची लाज माझ्या सुईने झाकली आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर सोनेरी वेल होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला घेतले आणि माझ्या जिवावर दोन लेकी वाढवल्या. बाईंचा हात सोन्याचा, जीभ मात्र कात्रीची. दर शनिवारी मला तेल घालत, पुसत.

धाकटी माझ्यावरच शिवायला शिकली. तिने पहिला झगा शिवला. गळा सुरेख बसला होता. मला ठाऊक, माझ्याच सुईखालून गेला तो. बाई म्हणाल्या, "बाह्या बघ. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. उसव."

तिने उसवला. असे कितीदा झाले. एकदा ती म्हणाली, "आई, कधीतरी बरं म्हण की."

"बरं असेल तेव्हा म्हणेन."

ती दुसऱ्या शहरात गेली, ती गेलीच. माझ्यावर चादर पडली.

चार वर्षांनी इंग्रजी पेपरात तिचा फोटो आला, तिने शिवलेल्या कपड्यांसकट. खालच्या मजल्यावरच्या पोस्टकाकांनी चष्मा पुसून तिच्या नावापुढचे शब्द वाचले. "अप अँड कमिंग. अप म्हणजे वर, कमिंग म्हणजे येणारी. वहिनी, लेक वर येतेय."

"पेपरात छापून कळवतात होय? फोन झिजला असता?" बाई फणकारल्या, पण चादर काढली. मला तेल घातले, नवा पट्टा चढवला, दोरा ओवला. जिन्यात पाऊल वाजले की त्यांचा हात थांबायचा. सहा आठवडे असेच गेले.

शेवटी त्यांनी इंग्रजी शिकवणाऱ्या शेजारणीला कात्रण दाखवले. ती म्हणाली, "काकू, हे येण्याचं नाही हो. माणूस नवा असतो, पण पुढे नाव काढणार असं दिसतं, त्याला म्हणतात. मुरलेल्याला नाही म्हणत. आपण होतकरू म्हणतो ना, तेच."

"म्हणजे येत नाही?"

"तसं काही लिहिलं नाही यात."

ती गेल्यावर बाई माझ्या चाकावर हात ठेवून बसल्या. "होतकरू," त्या हळूच म्हणाल्या. "हा शब्द तर मला येत होता."

मित्रांनो, मला दोन थेंब तेल पुरते आणि ते उशिरा घातले तरी मी पुन्हा चालते. लेकरांचे तसे नसते. जो बरा शब्द घालायचा, तो लेकरे घरात असतानाच घाला.

माझ्यात दोरा अजून ओवलेला आहे. चादर बाईंनी पुन्हा घातली नाही.