सव्वीस पावलं

"चोवीस, पंचवीस, सव्वीस!" लांब ढांगा टाकत आलेला मुलगा कुंपणाशी थांबला. "काका, माझ्या हिशेबानं केबल इथं येते. तुमचा खड्डा चार ढांगा मागं राहिला."

चरवाला आपल्या खड्ड्यातून वर आला. सकाळपासून त्याने कमरेइतकं खोदलं होतं आणि त्यातून निघालं काय, तर एक गंजका चमचा.

"डोंगर पोखरून चमचा," तो म्हणाला. "चला, तुमच्या जागी बघू."

विहिरीपासून कुंपणाच्या कडेकडेने घरापर्यंत दीडशे फूट चर काढायचा आणि त्यात पाण्याचा नवा पाइप टाकायचा, एवढं साधं काम होतं. जुना लोखंडी पाइप महिन्यापूर्वी फुटला, तेव्हापासून मुलाची आई विहिरीवरून बादलीने पाणी वाहत होती. वय चौऱ्याहत्तर. गेल्या आठवड्यात ती बादलीसकट पडली, मनगट सुजलं, आणि शहरात नोकरी करणारा मुलगा दोन दिवसांची रजा काढून धावत आला. मायलेकांत कडाक्याचं वाजलं आणि शेवटी ठरलं की रविवारी संध्याकाळपर्यंत घरातल्या नळाला पाणी आलं तर आई इथेच राहील. नाही आलं, तर मुकाट्याने बॅग भरून त्याच्याबरोबर जाईल.

आज रविवार होता, आणि दुपारचे दोन वाजले होते.

खोदायचं मशीन कालपासून आवारात उभं होतं. पण मशीनवाला पक्का होता. "केबल कुठं आहे ते दाखवा, तासाभरात चर पाडतो. आंधळेपणानं बकेट टाकणार नाही. पंपाची केबल तुटली, तर नवा पाइप काय चाटायचाय? आणि पाचला मला दुसरीकडं जायचंय."

रस्त्यावरच्या विजेच्या खांबापासून पंपापर्यंत जमिनीखालून गेलेली ती केबल तीस वर्षांपूर्वी मुलाच्या वडिलांनी स्वतः पुरली होती. खडक लागला तिथे ती वळवलेली, त्यामुळे सरळ रेषेत शोधायची सोय नव्हती. केबल हुडकणारं यंत्र पुढच्या आठवड्याशिवाय मिळणार नव्हतं. वडील पोस्टात कारकून. तीन वर्षांपूर्वी गेले. जाताना नकाशा वगैरे काही ठेवला नाही. फक्त पंपाच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूने, हिरव्या ऑइलपेंटने टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'दगडी खांबापासून कुंपणालगत सव्वीस पावले. येथे वीज आहे. जपून.'

म्हणून हाताने खणणाऱ्या माणसाला बोलावलं होतं. आसपासच्या सगळ्या वस्त्यांवर लोक त्याला चरवाला म्हणत. भिंत बांधणारा मिस्त्री, तारा जोडणारा वायरमन, आणि ज्याच्या खड्ड्यावाचून दोघांचं अडतं तो नुसता चरवाला. त्याची त्याला सवय होती. बत्तीस वर्षं त्याने जे जे केलं ते संध्याकाळी बुजवून टाकलं होतं. बायको थट्टेने म्हणायची, "तुमचं काम दाखवायला मला जमिनीखालीच न्यावं लागेल." पण बत्तीस वर्षांत त्याच्या पहारीने एकही केबल तोडली नव्हती, आणि हे तो लग्नाकार्यात अनोळखी माणसालाही सांगत असे.

मुलाच्या जागी तीन फूट खाली गेल्यावर खडक लागला. केबल नव्हतीच. पाऊण तास पाण्यात गेला.

मुलगा मातीच्या ढिगावर बसला. "बास काका. तुम्ही तरी किती खणणार?" त्याचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "आईला सांगतो आवरायला. हिवाळ्यात ती पुन्हा पडली आणि कुणाला कळलंच नाही तर?"

चरवाल्याने पहारीला चिकटलेली माती खरवडली. मुलगा खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. सुजलेल्या हाताला पट्टी, दुसऱ्या हातात ट्रे. तिने आधी दोन्ही खड्डे पाहिले, मग तिघांकडे पाहिलं.

"हे काय? विहीर खणताय का दुसरी?"

"बाबांची सव्वीस पावलं मोजतोय," मुलगा म्हणाला. "काकांच्या पावलांनी मोजली, माझ्या पावलांनी मोजली."

"आणि त्यांच्या पावलांनी?"

मशीनवाल्याने चहाचा कप तोंडाशी नेला तो तसाच धरून ठेवला.

"केबल टाकायच्या आदल्या वर्षी शिडीवरून पडून कंबर मोडली होती ना त्यांची," ती म्हणाली. "डावा पाय टाकायचा, उजवा ओढत त्याच्याजवळ आणायचा. ते त्यांचं एक पाऊल. तुला माहीत नाही?"

माहीत होतं. बापाचं लंगडणं तो सतरा वर्षांचा होऊन शिकायला बाहेर पडेपर्यंत रोज पाहत होता. पण दारावरची ती पावलंही लंगडी असतील, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळपासून तीन पुरुष अंगण पालथं घालत होते आणि चार भिंतींआड बसलेल्या बाईला एकानेही विचारलं नव्हतं. चरवाल्याला स्वतःचीच लाज वाटली.

तिने ट्रे खाली ठेवला आणि कुंपणाच्या कोपऱ्यातल्या दगडी खांबाशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे बांधले. मान किंचित डावीकडे कलली. डावा पाय टाकला, उजवा ओढून जवळ आणला.

"एक," ती म्हणाली.

मुलाला आधी हसू आलं. पाचव्या पावलाला ते ओसरलं. दहाव्या पावलाला तो उठून उभा राहिला.

"अठ्ठावीस वर्षं मी पुढं चालायचे आणि वळून थांबायचे," ती चालता चालता सांगत होती. "वैताग यायचा नुसता. बारा. म्हणायचे, 'तू हो पुढं, मी आलोच.' तेरा."

सव्वीस म्हणून ती थांबली ती जागा चरवाल्याच्या खड्ड्याच्या कितीतरी अलीकडे होती. त्याने तिथे चुन्याची फक्की टाकून रेघ मारली आणि हलक्या हाताने खणायला घेतलं. दोन फुटांवर काळ्या मातीत पिवळी वाळू लागली. वाळू आपणहून तिथे येत नाही. त्याने पहार बाजूला ठेवली आणि उरलेली माती ओंजळीने काढली. खाली विटा होत्या. एकीला एक भिडवून, एका सुतात, केबलच्या माथ्यावर ती जाईल त्या दिशेने मांडलेल्या.

"मावशी," तो खड्ड्यातूनच म्हणाला. "हे कारकुनाचं काम नाही. आम्हीसुद्धा एवढं करत नाही. उद्या कुणाची कुदळ पडली तर आधी विटेवर पडावी, म्हणून घातल्यात. अनोळखी माणसाच्या जिवाची काळजी केलीय त्यांनी."

आई वाकून बघत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"अहो, या माझ्या विटा!"

"तुझ्या?"

"मागच्या दाराशी मला उन्हात बसायला कट्टा हवा होता, त्यासाठी आणलेल्या. एक दिवस गायब. हे म्हणाले, चोरीला गेल्या." तिने कपाळावर हात मारला. "मी शेजारणीवर संशय घेतला. अकरा वर्षं तिच्याशी बोलले नाही मी! आणि हे रोज समोर बसून मुकाट जेवत होते!"

मशीनवाला खो खो हसला. मग तीही हसली, पदराने डोळे पुसत राहिली, आणि म्हणाली, "बिचारी गेली पण. आता कुणाला सांगू?"

मशीनने साडेचारला चर पूर्ण केला. केबलजवळचे चार फूट चरवाल्याने हाताने काढले. त्याने विटांना धक्का न लावता पाइप खालून ओढून घेतला, आणि सहा वाजता स्वयंपाकघरातला नळ आधी फुसफुसला, मग लाल पाणी ओकला, मग स्वच्छ वाहू लागला. आईने तो बराच वेळ बंद केला नाही. मुलाने बॅगेचा विषय काढला नाही.

चर बुजवून झाल्यावर चरवाला ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन पंपाच्या खोलीच्या दारापाशी आला. "नव्या पाइपाचा जोड कुठं आहे ते लिहून ठेवू. टेप आणा, दादा."

"टेप कशाला?" आई म्हणाली. "माझ्या पावलांनी लिहा."

"आई, तुझ्या पावलांत लिहून कसं चालेल? उद्या तू..."

पुढचं वाक्य मुलाने गिळलं. आईने ते ऐकलंच नाही असं दाखवलं, आणि खांबापासून चालायला सुरुवात केली, या वेळी स्वतःच्या चालीने, तुरुतुरु, लहान लहान. भुसभुशीत मातीत तिच्या चपलांचे ठसे उमटत गेले.

मुलाने टेप खिशात टाकला. बूट काढून ठेवले आणि तो तिच्या मागोमाग निघाला, प्रत्येक ठशावर आपला पाय मोजून ठेवत.

"किती झाली?" चरवाल्याने ब्रश रंगात बुडवून विचारलं.

"थांबा काका, माझं एक चुकलं," मुलगा म्हणाला. "आई, पुन्हा एकदा चालशील? खांबापासून."

आई खांबाकडे परत गेली.